ताईच्या नावाचं धनुष्य

पेल्की, मिशिगन
१८ ऑगस्ट १९९६

ती. आइलीताईस,
धाकट्या आर्वोचा सा. न. वि. वि.

मोजे पोचले. डावा उजव्यापेक्षा बोटभर मोठा आहे. कॅरन म्हणाली, आत्याला कळवू नका, वाईट वाटेल. मी मुद्दाम कळवतोय. डोळ्यांचं ऑपरेशन करून घे असं तुला दोन वर्षं सांगतोय, ते तू ऐकत नाहीस.

इकडे सर्व ठीक. बटाटे बरे आलेत. गवत कापून झालं, म्हणजे शेजाऱ्याने कापलं आणि मी कुंपणापाशी उभा राहून चुका काढल्या. सायमीला जाऊन या महिन्यात तीन वर्षं झाली. तिच्या थडग्यापाशी लावलेलं झुडूप यंदा फुललं, ते तिला आवडलं असतं.

आता मुद्द्याचं. परवा मी माझं धनुष्य खाली काढलं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे आणि मग पुढे वाच.

खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी कॅम्पवर स्वयंपाक करतो, हे तुला ठाऊक आहे. पाच हिवाळे झाले. रानातल्या त्या लाकडी घरात बाकीचे पहाटे धनुष्यं घेऊन बाहेर पडतात आणि मी वाटाण्याचं सूप ढवळतो. सुरुवातीला बरं वाटायचं. पण गेल्या वर्षी एका संध्याकाळी इल्मरी, वॉल्टर आणि बाकीची मंडळी टेबलाभोवती बसून वारा कुठून फिरेल, हरणं कुठल्या वाटेने उतरतील यावर डोकं चालवत होती. मीही तोंड उघडलं. सगळे आदराने थांबले. माझं बोलून झाल्यावर इल्मरीने विचारलं, उद्या जेवायला काय आहे? ताई, त्या रानातली एकूण एक वाट मला पायाने ठाऊक आहे, आणि मला विचारतात ते सुपाबद्दल. मला माझी जागा परत हवी आहे. एवढंच मागणं आहे.

आता धनुष्याची गोष्ट. पूर्वी साठ पौंडांचा ताण मी गप्पा मारत ओढायचो. आता तो जागचा हलला नाही. मग मी स्क्रू पार शेवटपर्यंत सैल केले आणि पंचेचाळीसवर आणलं. ते ओढलं जातं. ओढताना तोंड कसं होतं ते कॅरनने खिडकीतून पाहिलं आणि ती भाजी शेगडीवर तशीच टाकून धावत बाहेर आली. तिचं म्हणणं असं, की डॉक्टरकडून हात अधू असल्याचा दाखला घ्या आणि क्रॉसबो वापरा. बंदुकीसारखा खांद्याला लावायचा, चाप ओढला की झालं. मी तिला सांगितलं, ज्यांना ओढता येत नाही त्यांनी तो जरूर वापरावा. मला ओढता येतं. ती म्हणाली, बाबा, तुम्ही बहात्तरचे आहात. मी म्हटलं, तेवढं गणित मलाही येतं.

तू काय म्हणतेस? परवानगी मागत नाही, नुसतं विचारतोय.

तुझी माया आहे तशी राहू दे, रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा
आर्वो

*

डुलुथ
२७ ऑगस्ट १९९६

चि. आर्वो यास,
अ. उ. आ. वि.

तुझ्या पायांत बोटभर फरक आहे असं समजून मी मोजे विणले होते. लहानपणी तू एकच पाय चिखलात घालायचास, तो तेव्हाच वाढला असणार.

मी बरी आहे. कंबर कुरकुरते. चौथ्या मजल्यावरून बंदरातली जहाजं दिसतात, दुपार तशी जाते. बुधवारी चर्चमध्ये बायकांची कॉफी असते. तिथे कुणाचं काय दुखतं याची चढाओढ लागते आणि मी नेहमी हरते, कारण मला खोटं सांगता येत नाही.

आता तुझ्या धनुष्याचं. मी हसले नाही. उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. तू विचारलंस म्हणून सांगते, जा. पण माझ्या दोन अटी आहेत, आणि त्या मी मोठी बहीण म्हणून घालते आहे. तुला बाण धरायला मी शिकवलं, हे तू कॅम्पवर कुणाला सांगत नसलास तरी तुला ठाऊक आहे.

पहिली अट. खात्री नसेल तर दोरी सोडायची नाही. अर्धवट लागलेलं हरीण दलदलीत जाऊन दोन दिवस मरतं. तसं तुझ्या हातून झालं तर माझ्या दाराशी येऊ नकोस, मी उघडणार नाही.

दुसरी अट. अंगणात, उन्हात, बनियनवर किती पौंड ओढतोस ते मला सांगू नकोस. जाड कोट घाल, लाकडाच्या कोठीत खुर्चीवर बस, हातपाय गार पडेपर्यंत बस, आणि मग बसल्या जागी ओढून बघ. धनुष्य आभाळाकडे न उचलता, हळू, आवाज न करता. तसं जमलं तरच ते तुझं धनुष्य. नाही जमलं तर ताण आणखी उतरव.

छत्तीस सालच्या हिवाळ्यात बाबा खाणीतलं काम सुटून घरी बसले होते आणि घरात पीठ सोडून काही नव्हतं, ते तुला आठवत असेल. ती हरणाची मादी मी मारली. बाबांनी ॲशच्या झाडाच्या लाकडाचं जे धनुष्य केलं होतं, ते इतकं मऊ होतं की आजच्या पोरी त्यावर ओला टॉवेल वाळत घालतील. पण मी इतकी जवळ गेले होते की तिच्या नाकातली वाफ मला दिसत होती. ताकद नव्हती म्हणून मला जवळ जावं लागलं, आणि जवळ गेले म्हणून चुकले नाही. हे तुला शंभरदा सांगितलंय. तू दर वेळी म्हणतोस, हो ताई, आणि स्वतःचंच करतोस.

कॅरनवर ओरडू नकोस. भाजी जळली असेल तर ती तू खा.

आशीर्वाद आहेतच, अकलेसाठी वेगळे पाठवते आहे.

तुझी
आइलीताई

*

पेल्की
२२ सप्टेंबर १९९६

ती. आइलीताईस,
आर्वोचा सा. न. वि. वि.

घाईत लिहितोय. पानं लाल व्हायला लागलीत आणि मी पोरासारखा दिवस मोजतोय.

रोज सकाळी गवताच्या गठ्ठ्यावर बाण मारतो. काल पाचही बाण बशीएवढ्या जागेत बसले. पंचेचाळीसच ठेवलंय. तुझी खुर्चीची अट वाचली, पण इकडे अजून गरमी आहे. कोठीत कोट घालून बसलो तर गार काय पडणार, भाजूनच निघेन. तेव्हा ती परीक्षा पास झाली असं धर. पंचेचाळीसच्या खाली जायचं म्हणजे, ताई, इल्मरी काय म्हणेल याची कल्पना तू करू शकतेस. त्याची जीभ तुला माहीत आहे. तुला नाही तर कुणाला असणार?

त्याला मी सांगितलं की यंदा दुसरा स्वयंपाकी बघा. मला वाटलं, आता तासभर सोलून काढेल. पण तो म्हणाला, छान, छान, फार छान. आणि माझ्या खांद्यावर हळूच थोपटलं. त्याची तब्येत बरी नसावी.

एक तारखेला हंगाम सुरू होतो. माझ्यासाठी चर्चमध्ये दोन मिनिटं जास्त बस.

लोभ कमी झाला असेल तर भरून घ्यावा.

आर्वो

*

पेल्की
९ ऑक्टोबर १९९६

ती. ताईस,
सा. न.

तू म्हणाली होतीस तसंच झालं. आधीच लिहून टाकतो, म्हणजे तुला पानभर वाट बघायला नको.

परवा पहाटे मी मचाणावर चढलो. दव गोठलं होतं. दोन कोट घातले होते. जुन्या सफरचंदांच्या झाडांच्या वरच्या बाजूला माझी नेहमीची जागा आहे. वारा तोंडावर होता, सगळं जसं हवं तसं. ऊन वर येईपर्यंत काही नाही. मग झुडपातून एक नर आला. फार मोठा नाही, पण देखणा, मानेला जाड. खाली पडलेली सफरचंदं खात खात माझ्या समोर आला आणि अंग आडवं करून उभा राहिला. मी हळू बोललो असतो तरी त्याला ऐकू गेलं असतं, इतका जवळ.

मी उभा राहिलो आणि ओढलं. दोरी अर्ध्यापर्यंत आली आणि थांबली. ताई, रोज सकाळी जी येत होती तीच दोरी. मी पुन्हा जोर केला. हात थरथरायला लागले, कोटाची बाही मध्ये आली, बाण जागेवरून घसरून धनुष्यावर टणकन वाजला. त्याने वर पाहिलं. मी तसाच उभा, तोंड उघडं, कोपर हवेत. तो पळाला असता तर बरं वाटलं असतं. तो चालत गेला. जाताना आणखी एक सफरचंद खाल्लं.

कॅम्पवर जाऊन मी जे झालं ते सांगितलं. काही लपवलं नाही. आणि तयार होऊन बसलो, की आता सुरू होईल. आमच्याकडे काय चालतं ते तुला ऐकून माहीत आहे. गेल्या वर्षी वॉल्टरला झाडावर झोप लागली आणि हरीण खालून गेलं, तर सबंध आठवडाभर आम्ही त्याला अंगाई म्हणून दाखवली. मी मनात दोनतीन उत्तरंही जुळवून ठेवली होती.

कुणीच काही बोललं नाही. वॉल्टरने माझ्या हातातली बशी काढून घेतली आणि म्हणाला, मी धुतो, तुम्ही बसा. तुम्ही! चाळीस वर्षं मला अरेतुरे करणारा माणूस. इल्मरीने शेगडीजवळची स्वतःची खुर्ची दिली, कॉफी आणून दिली, म्हणाला की उजेडच कमी होता, कुणालाही जमलं नसतं. ताई, हा माणूस स्वतःच्या लग्नात पाद्र्याची थट्टा करणारा. मला वाटलं, माझंच दफन उरकून आलेत आणि आता मलाच कॉफी पाजताहेत.

नराचं दुःख नाही. नर येतात, जातात. पण ते सगळे मला सोडून पुढे गेलेत असं मला त्या खुर्चीत बसून कळलं. ते हसले असते तर मी अजून तिथेच असतो. दुसऱ्या दिवशी मी सूप केलं आणि घरी आलो.

धनुष्य सौनाच्या बाहेरच्या खोलीत, वाफेत बसण्याआधी कपडे काढतो तिथे, घोंगडीत गुंडाळून ठेवलंय. आता पुरे.

तुझा
आर्वो

*

पेल्की
११ ऑक्टोबर १९९६

ती. आइलीआत्यास,
कॅरनचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण बाबा दिवसभर फोनशेजारच्या खुर्चीत बसलेले असतात. म्हणून शाळेच्या स्वयंपाकघरात, पोरांची जेवणं आटोपल्यावर हे लिहिते आहे.

त्यांनी तुला कळवलंच असेल. आल्यापासून गप्प आहेत. धुतलेल्या बशा परत धुतात. काल विचारलं, जेवायला काय करू, तर म्हणाले, ते तर माझं काम. मला समजलं नाही, पण रडू आलं.

आत्या, मी काळजी घेतली होती गं. सप्टेंबरमध्ये मी इल्मरीकाकांना फोन केला होता. सांगितलं, की आई गेल्यापासून बाबा आतून फार नाजूक झालेत, खांदा पूर्ण बरा नाही, काही चुकलं तर थट्टा करू नका, वयावरून तर मुळीच नको. सगळ्यांना तसं बजावा. काका म्हणाले, शब्द देतो. आणि त्यांनी पाळला. वॉल्टरकाकांनीसुद्धा पाळला. सगळे इतकं गोड वागले, तरी बाबा असे का परत आले?

तू त्यांना लिही. तुझंच ते ऐकतात. लिही की झालं एवढं खूप झालं, आता मानाने थांब. माझ्याकडून ते ऐकलं तर त्यांना लागेल, तुझ्याकडून चालेल.

तुझ्या कमरेला तेल लावतेस ना?

माझ्यावरचा लोभ असाच ठेव.

तुझी
कॅरन

*

डुलुथ
१६ ऑक्टोबर १९९६

चि. कॅरन हीस,
अ. उ. आ.

तेल लावते. कंबर ऐकत नाही, ती तुझ्या बाबांवर गेली आहे.

पोरी, तू जे केलंस ते मायेने केलंस, त्याबद्दल तुला कुणी काही म्हणू नये. पण मी म्हणणार आहे. आमच्या इमारतीत एक मुलगी गोळ्या द्यायला येते. चांगली आहे. माझ्याशी मोठ्याने, गोड, हळूहळू बोलते. आज आपण जेवलो का? आज आपण शहाण्यासारखं गोळी घेणार ना? मी तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. ती दार लावून गेली की मला काहीतरी फोडावंसं वाटतं. एकदा कप फोडलाही.

तुझ्या बाबांना त्या माणसांनी तशी गोळी दिली. पन्नास वर्षं ते एकमेकांना जे बोलत आलेत, त्यातच त्यांची सगळी माया आहे, दुसरी कुठली भाषा त्या अडाण्यांना येत नाही. ती तू बंद केलीस. मग आर्वोला काय वाटणार? हेच, की आपण त्यांच्यातले राहिलो नाही. हरीण त्याला हवं आहे, का नसणार? पण तो आधी ती जागा मागायला गेला होता.

थांब असं मी त्याला लिहिणार नाही. ताण उतरव असं लिहिणार आहे. इल्मरीला मी स्वतः लिहिते. तुझ्या फोनचं मी आर्वोला सांगणार नाही, ते तुझं तू बघ.

रडलीस ते पुरे. तुझी काळजी मला कळते, मीही त्याच्यासाठी खिडकीत उभी राहतेच. त्याला गरम पायमोजे घालायला लाव. दोन्ही पायांत.

आशीर्वाद भरपूर.

तुझी
आत्या

*

डुलुथ
१६ ऑक्टोबर १९९६

श्री. इल्मरी पेल्तो यांस,
स. न. वि. वि.

तुला मी पन्नास वर्षांत पत्र लिहिलेलं नाही. शेवटचं तूच मला लिहिलं होतंस, नाचाला येशील का म्हणून, आणि त्यात नाचाच्या तारखेलाच चूक होती.

कॅरनने तुझ्याकडून शब्द घेतला, तो मी परत घेते. मी तिची आत्या आहे आणि तुझ्यापेक्षा वयाने मोठी आहे, तेव्हा मला तो अधिकार आहे. आर्वोला दया दाखवायची असेल तर ती मी दाखवीन. तुझं ते काम नव्हे आणि तुला ते जमतही नाही, असं त्याच्या पत्रावरून दिसतं.

उगाच काही रचू नकोस. त्याला खोटं लगेच कळतं. फक्त जे होईल त्यावर जे तोंडाला येईल ते बोल, तू जन्मभर बोलत आलास तसं. एवढंच.

कळावे. लोभाचं काय ते मी त्या नाचाच्या वेळीच सांगितलं होतं.

आइली

*

डुलुथ
१६ ऑक्टोबर १९९६

चि. आर्वो यास,
आशीर्वाद.

रडगाणं वाचलं. छान लिहिलं आहेस, आता पुरे. खुर्चीची परीक्षा न देता पास झालेला तू पहिलाच विद्यार्थी नव्हेस, मी असे पुष्कळ बघितले.

झाडावरून खाली उतर. ताण आणखी उतरव, लाजेसकट. कोटाची मधे येणारी बाही काप. जवळ बस, वाट बघ, जवळ येऊ दे. न जमलेला एक नर पाहून धनुष्य गुंडाळणारा भाऊ मला नको, माझ्याकडे दुसरा नाही.

ताई

*

पेल्की
२७ ऑक्टोबर १९९६

ती. आइलीताईस,
आर्वोचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. पहिल्या तीन वेळा राग आला.

मंगळवारी गावातल्या दुकानात गेलो. माझ्या धनुष्याचा ताण आणखी उतरवायचा तर त्याच्या दोन्ही वाकणाऱ्या पट्ट्या बदलाव्या लागतात. दुकानदार म्हणाला, हलक्या पट्ट्या त्या कोपऱ्यात आहेत. कोपऱ्यावर पाटी होती, महिला व मुले. पाटी गुलाबी. आजूबाजूला तीन ओळखीची माणसं. मी गेलो आणि खणखणीत आवाजात सांगितलं, की बहिणीसाठी हव्यात.

तो म्हणाला, बहिणीची उंची किती? मी माझी सांगितली. हाताची लांबी? मी हात पुढे केला आणि म्हटलं, साधारण अशी. वय? आता इथे मला खोटं सुचलं नाही, मी तुझं खरं वय सांगितलं, एकोणऐंशी. त्याने माझ्याकडे पाहिलं, पट्ट्या बसवल्या, आणि म्हणाला, तुमच्या बहिणीला एकदा भेटायला आवडेल. मी म्हटलं, घाबराल.

तेव्हा हे धनुष्य आता तुझ्या नावावर आहे. अडतीस पौंड.

आणि ताई, काल सकाळी पाणी गोठलं होतं. मी कोट घालून लाकडाच्या कोठीत बसलो. डावी बाही कोपरापासून कापली आहे, कॅरनने कडेला टाके घातले, तोंडाने एक शब्द नाही. ती हल्ली काहीतरी गिळल्यासारखी वागते. बोटं बधिर होईपर्यंत बसलो. मग ओढलं. दोरी लोण्यातून सुरी जावी तशी गालापर्यंत आली आणि मी ती धरून ठेवली. धरून चांगली श्वासभर बसलो. लाकडांपुढे, एकटा, काय रुबाबात बसलो होतो ते तू बघायला हवं होतंस.

बाण मात्र हळू जातो. जाताना दिसतो. आयुष्यात पहिल्यांदा माझा बाण मला उडताना दिसला. म्हणून ठरवलं आहे, घरापासून सौनापर्यंत जेवढं अंतर आहे त्याच्या पलीकडे सोडायचा नाही, हरीण कसंही येवो. वादळात पडलेल्या एका सूचिपर्णी झाडाच्या फांद्यांत जमिनीवर लपण केलंय, सफरचंदांच्या अगदी खाली. पंधरा नोव्हेंबरला बंदुकवाले येतील, त्याआधी जमवायला हवं.

माया करतेस ती तशीच चालू दे, पट्ट्यांची पावती तुझ्या नावाने ठेवली आहे.

आर्वो

*

पेल्की
११ नोव्हेंबर १९९६

ती. आइलीताईस,
तुझ्या एकुलत्या भावाचा सा. न. वि. वि.

हरीण मिळालं नाही. आता पुढचं नीट, बसून वाच.

शनिवारी रानात घोट्याएवढा बर्फ होता. मी लपणात शिरलो तेव्हा अंधार होता. हात काखेत घालून बसलो. सकाळ वर आल्यावर दोन माद्या आल्या, पिल्लं बरोबर असलेल्या. त्यांना जाऊ दिलं. मग कितीतरी वेळाने एक तिसरी आली, एकटी, अंगाने भरलेली, पाठ काळपट. बर्फात नाक खुपसून सफरचंद शोधत होती. सौनाच्या अंतराच्या आत आली. मी थांबलो. आणखी आत आली. ताई, तिच्या पापण्यांवरचा बर्फ मला दिसत होता.

तिने मान झाडाच्या खोडामागे घातली तेव्हा मी ओढलं. बसल्या जागी, गार हाताने, आवाज न करता. आलं. गालापर्यंत आलं आणि थांबलं, आणि माझा हात हलला नाही. मी बहात्तर वर्षांचा आहे आणि माझा हात हलला नाही! तिने मान बाहेर काढली, पुढचा पाय टाकला, मी जिथे पाहायचं तिथे पाहिलं आणि सोडलं.

सगळं बरोबर केलं होतं. पण दोरी वाजली, तिने ऐकलं, आणि उडी घेण्यासाठी अंग खाली दाबलं. जोरकस धनुष्य असतं तर तिला तेवढा वेळ मिळाला नसता. माझा बाण तिच्या पाठीवरून गेला आणि पलीकडे बर्फात रुतला. ती दोन उड्यांत नाहीशी.

मी लगेच उठलो नाही. मग जाऊन बाण काढला. स्वच्छ. रक्त नाही, केस नाही. तरी मी तिच्या पावलांमागे दलदलीच्या कडेपर्यंत गेलो, वाकून, नाक जवळजवळ बर्फाला लावून. काही नाही. तुझं दार माझ्यासाठी उघडं आहे.

कॅम्पवर सगळे जेवायला बसले होते. मी दारातच सांगितलं, की सोडला आणि चुकला, वरून गेला. मला वाटलं, आता पुन्हा ती खुर्ची देणार.

इल्मरीने चमचा खाली ठेवला. म्हणाला, अडतीस पौंड ना? मग चुकला कसा म्हणतोस, अजून पोचायचा असेल. तिने आधी बाण येताना पाहिला, मग तोंडातलं सफरचंद संपवलं, घरी पोरांना निरोप धाडला, आणि मग खाली वाकली. वॉल्टरच्या नाकातून सूप आलं. वॉल्टर म्हणाला, अरे, पुढच्या वेळी बाणाला तिकीट लाव आणि टपालात टाक, लवकर पोचेल. अरे म्हणाला, ताई. मी म्हटलं, तू झाडावर झोपलेला असताना कुणीही लवकरच पोचेल. आणि मग जो काही गोंधळ झाला तो मी लिहू शकत नाही, तू चर्चमध्ये जातेस.

हसणं थांबल्यावर इल्मरी उठला आणि खणातून मोठी कात्री काढली. बायकांना कधी कॅम्पवर येऊ दिलं नाही, म्हणून तू भिंत पाहिलेली नाहीस. आमच्याकडे ज्याचा बाण चुकतो त्याच्या शर्टाचा पाठीमागचा खालचा भाग कापतात आणि त्यावर नाव आणि साल लिहून भिंतीवर खिळ्याने ठोकतात. तिथे माझे जुने सहा आहेत, इल्मरीचे चौदा. गेली पाच वर्षं माझा एकही नव्हता. स्वयंपाक्याचा शर्ट कुणी कापत नाही.

कॅरनने वाढदिवसाला दिलेला नवा शर्ट होता, लाल चौकड्यांचा. मी पाठ केली आणि ताठ उभा राहिलो. कात्री गार लागली. इल्मरीचाही हात आता थरथरतो, त्याने वेडंवाकडं कापलं, जरा जास्तच वर गेला. कापता कापता माझ्या कानाशी म्हणाला, कॅरनला दिलेला शब्द पाळताना महिनाभर माझं पोट दुखत होतं, आणि तुझी बहीण आजही तितकीच दुष्ट आहे, तिला माझा नमस्कार कळव. तेव्हा मला सगळं कळलं. तुला नंतर बोलतो. कॅरनशी अर्धा दिवस बोललो नाही, मग तिनेच बेरीची खीर केली आणि राग टिकला नाही.

वॉल्टरने विचारलं, नाव कुणाचं लिहू, धनुष्य तर आइलीचं आहे. दुकानातली गोष्ट गावभर झाली आहे. मी म्हटलं, बाण माझा आहे, मीच चुकलो, माझं लिही. त्याने मोठ्या अक्षरात लिहिलं आणि इल्मरीने खिळा ठोकला. मग ते पुन्हा टेबलाशी बसले, आणि इल्मरीने टेबलावर सांडलेल्या सुपात बोटाने वाट काढून विचारलं, की ती दलदलीकडे गेली तर आता परत कुठून येईल असं तुला वाटतं? मी सांगितलं. त्यांनी ऐकलं, आणि वॉल्टरने ते साफ चूक आहे असं ओरडून सांगितलं. आम्ही भांडलो. काय सुरेख भांडलो.

काल रविवारी मी तोच शर्ट घालून चर्चला गेलो. कॉफीच्या वेळी कोट काढून खुंटीला लावला आणि मुद्दाम सगळ्यांत लांब रांगेत उभा राहिलो, दाराकडे पाठ करून. पाद्रीबुवांनी हळूच विचारलं, शर्ट कुठे अडकला का. मी नीट वळून त्यांना पूर्ण दाखवला. मागून कॅरन कुजबुजली, बाबा, पाठीला वारा लागेल, कोट घाला.

मी म्हटलं, लागू दे.

ताई, माया आहे तेवढी असू दे, आज मला जास्तीची गरज नाही.

तुझा
आर्वो